मागून वाजवायची वाटी

आई, तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. नातीला तू पाहिलं नाहीस. अडीच वर्षांची असताना तिला जिवाणूंमुळे मेंदूज्वर झाला. कार्डावरच्या सगळ्या लसी वेळेवर दिल्या होत्या. नर्सच्या मुलीकडून ते कसं राहील? डॉक्टर म्हणाले, लस बऱ्याच प्रकारांना अडवते, सगळ्यांना नाही. पोरगी वाचली. घरी सोडताना त्यांनी चिठ्ठी दिली: महिन्याच्या आत धुळ्याला कानांची तपासणी, या आजारानं ऐकणं जाऊ शकतं.

शेजारच्या खाटेवर धडगावकडची एक बाई होती. तिच्या मुलालाही हाच आजार, त्याच्याही लसी झालेल्या. तिला वाचता येत नव्हतं, तिची चिठ्ठी मीच वाचून दाखवली. आठवड्याच्या आत ती धुळ्याला जाऊन आली. मी गेले नाही. हाक मारली की वळते, असं सगळ्यांना सांगत राहिले. चार महिन्यांनी गेले तेव्हा कळलं, पोरीला दोन्ही कानांनी ऐकू येत नाही, आणि एवढ्या दिवसांत कानाच्या आत हाड तयार झालंय, आता ऐकण्याचं यंत्र आत बसवणं फार अवघड. त्या मुलाला वेळेत बसलं.

मला त्या बाईचा हेवा वाटतो. हा हेवा जुनाच आहे. धडगावच्या क्वार्टरमध्ये तू स्टोव्हवरची भाजी उतरवून ठेवायचीस आणि दुसऱ्यांच्या पोरांमागे बसून, ऐकू येतं का बघायला, चमच्यानं वाटी वाजवायचीस. पोर वळलं की तू हसायचीस. मी रुसले की म्हणायचीस, "त्या पोरले ताप शे. तुले काय व्हयनं?" मलाही ताप यावा असं वाटायचं. आता वाटतं, लेक म्हणून तुला ती बाईच आवडली असती.

वाटी मी विसरले नव्हते. "समोर नको, मांगून वाजाड. पोरं डोयासघाई ऐकतस," हे तूच शिकवलंस. मी समोरूनच, तिच्या डोळ्यांना दिसेल अशाच हाका मारल्या. एकदा तिच्या मागे वाटी घेऊन बसले, चमचा उचलला, आणि न वाजवताच खाली ठेवला.

परवा त्या बाईचा फोन आला. "ताई, पोरगा बोलला! ऐका ना, ऐका!" पोरगी माझ्यासमोर कणकेचे गोळे करत होती. मी म्हटलं, रेंज नाहीये, आणि फोन ठेवला.

हा कागद तिच्या लसींच्या कार्डाच्या पिशवीत ठेवते. रेंज होती, आई. त्यानं "ताई" म्हटलेलं मला स्वच्छ ऐकू आलं.