लाइने अजून पाण्यात आहे

२ सप्टेंबर, पहाट

पुट्... पुट्... पुट्... आणि मध्येच एक ठसका, इंजिनाला उचकी लागावी तसा. आज अर्धवट झोपेत तोच आवाज ऐकला. वडील जाळी उचलून धुक्यातून परत यायचे, तेव्हा होडी दिसायच्या कितीतरी आधी तो घरात पोचायचा. उचकी ऐकली की आई म्हणायची, "खडकापाशी वळले," आणि कॉफीचं भांडं चुलीवर चढवायची. उठून बसलो. शेजारी बायको, त्यूने, घोरत होती. पुट्पुट् तिची असू शकेल. उचकी मात्र वडिलांच्या इंजिनाचीच होती, याबद्दल शंका नाही.

हा संकेत आहे. म्हणून संकल्प: या वर्षी होड्यांचा सीझन मी संपवणार नाही. तळं संपवेल तेव्हा संपेल. तळं गोठायच्या आधी सगळे होड्या काठावर काढतात, त्यात लाइने (वडिलांची होडी, आता माझी) पाण्यातली शेवटची होडी ठरेल. गेली कित्येक वर्षं हा मान रेयो केट्टुनेन लाटतो. बक्षीस वगैरे नसतं. क्लबचा धक्का सांभाळणारी राइली तर म्हणते की अशी काही स्पर्धाच नाही. स्पर्धा आहे. फक्त कुणी बोलत नाही.

चौथीत हेल्मी बाईंनी शिकवलेली कविता दिवसभर ओठांवर होती. पहिल्या कडव्यात बर्चची पानं पिवळी होतात. दुसऱ्यात बगळे दक्षिणेला जातात. तिसऱ्यात सगळ्या होड्या काठावर पालथ्या पडतात आणि एकच नावाडी पाण्यावर उरतो: एकटा, ताठ, शांत. चौथं कडवं शिकवलं त्या दिवशी मला गालगुंड झालं होतं. पण तिसऱ्यावरून अंदाज येतो. तो तिथेच राहतो.

११ सप्टेंबर

बेटावर लिंगनबेरीची लाल फळं आणायला गेलो. इंजिन सुरू व्हायला वेळ लागला. पुढचं लोखंडी चाक हाताने फिरवावं लागतं, त्यात उजवा खांदा कुरकुरला. इंजिन म्हातारं झालंय, दुसरं काही नाही.

परतताना धक्क्यावर रेयो. दोर घेतला माझ्या हातातून, बांधला, आणि म्हणाला, "हं." मी म्हणालो, "हं." अर्थ स्पष्ट होता: होडी काढतोस कधी? आणि माझं उत्तरही स्पष्ट होतं: तू आधी.

रेयो आणि मी शाळेत एका बाकावर बसायचो. भांडण झालेलं नाही. त्याची बायको काइसू वारली, तेव्हा मी त्याच्या दारापर्यंत जाऊन आलो होतो. तो "हं" म्हणाला. मीही "हं" म्हणालो. त्यापुढे काय बोलायचं असतं? तेव्हापासून तो आमच्या दारात आलेला नाही.

२७ सप्टेंबर

राइलीचा फोन. पुढच्या शनिवारी क्रेन येणार, सगळ्यांनी हजर राहायचं, एकमेकांच्या होड्या काढायच्या, मग वाटाण्याचं सूप. नेहमीसारखंच.

मी सांगितलं, लाइने राहील.

"कुठे राहील?"

"पाण्यात."

"आर्मास, क्रेन एकदाच येते. नंतर तुझी तू काढायचीस. हाताने, फळ्यांवरून ओढत."

"माझ्या वडिलांनी कधी क्रेन पाहिली नव्हती."

"तुझे वडील तुझ्या वयाचे झालेच कुठे होते?" म्हणाली आणि फोन ठेवला. बाईत काव्य नाही.

५ ऑक्टोबर, संध्याकाळ

मोठा दिवस. इतरांच्या होड्या काढायला मी जातीने हजर होतो. दोर धरले. (दोर दुसऱ्यांनी ओढले, मी दिशा दिली.) एकामागून एक होड्या हवेत लटकल्या, पोटाखालून पाणी गाळत, पकडलेल्या माशांसारख्या. मला तिसरं कडवं आठवून भरून आलं.

शेवटी क्रेनवाल्याने उरलेल्या दोन होड्यांकडे बोट दाखवून विचारलं, "आणि या?"

"अजून नाही," मी म्हणालो.

"अजून नाही," धक्क्याच्या दुसऱ्या टोकाहून रेयो म्हणाला.

राइली सूप ढवळत होती. म्हणाली, "दोघांचं वय मिळून दीडशे. अक्कल मिळून..." पळी आपटली फक्त.

सूप खाताना रेयोने मोहरीच्या तिखट चटणीचं भांडं माझ्याकडे सरकवलं. आव्हान! मी दोन चमचे मोहरी घेतली, डोळ्यांत पाणी आलं तरी त्याच्याकडेच बघत राहिलो. तोही बघत होता. त्याने कमरेला रुंद पट्टा आवळला होता. या वयात फॅशन सुचते लोकांना.

९ ऑक्टोबर

सोन्यासारखं ऊन. पाणी आरशासारखं. असा दिवस वर्षात एखादाच.

गेलो नाही. गुडघा. शिवाय सीझन चालू असणं वेगळं आणि होडी चालवणं वेगळं. होडी काय, कुणीही चालवतं.

१४ ऑक्टोबर

सकाळी थर्मामीटर शून्यावर. त्यूनेने नाश्त्यालाच विषय काढला.

"इंजिनातलं पाणी सोडलंस का?"

वडिलांचं इंजिन तळ्याचंच पाणी पोटात फिरवून थंड राहतं. गोठण्याआधी खालचं पितळी बूच काढून ते पाणी सोडलं नाही, तर आत बर्फ होतो आणि लोखंड तडकतं. हे मला माहीत आहे. हे मीच तिला लग्नानंतर शिकवलं.

म्हणालो, "पाणी सोडलं म्हणजे सीझन संपला. रेयोने सोडलंय का?"

"मग विचार की त्याला."

"असं विचारतात का कुणी?"

"तोंड असलेली माणसं विचारतात, म्हाताऱ्या."

शांतपणे उठलो. थर्मामीटर उत्तरेच्या भिंतीवर होता, मुळातच निराशावादी जागा. काढून दक्षिणेच्या खिडकीत लावला. दुपारी अकरा अंश! सीझनला भरपूर वाव आहे.

२० ऑक्टोबर, दुपार

गंभीर घटना. खिडकीतून दुर्बिणीने पाहत होतो (हल्ली सीझन दुर्बिणीनेच चालवतो, सोयीचं पडतं). रेयो लाइनेवर! इंजिनाचं झाकण उघडून आत वाकलेला. बराच वेळ. मग सरळ व्हायला त्याला त्याहून जास्त वेळ लागला. खिशात काहीतरी घातलं, रुमाल असेल, आणि निघून गेला.

हेरगिरी! पाणी सोडलंय की नाही ते पाहायला आला होता. बघ म्हणावं. पाणी भरलेलं आहे, इंजिन सज्ज आहे, आर्मास हुवोनेन मागे हटलेला नाही. आता त्याची झोप उडेल.

त्यूनेला सांगितलं. ती म्हणाली, "जा आणि विचार."

उद्या बघू. उद्या वारा आहे म्हणतात.

२७ ऑक्टोबर

आज हिवाळ्यासाठी सगळ्या देशाची घड्याळं एक तास मागे. म्हणजे सीझन एका तासाने वाढला. सरकारही माझ्या बाजूने आहे.

३ नोव्हेंबर

बर्फ पडला. घाबरण्यासारखं काही नाही. भुसभुशीत बर्फ उबदार असतो, गोधडीसारखा. लाइने गोधडी पांघरून झोपलीय. रेयोची हिरवी होडीही. दोघी शेजारी शेजारी, बाकी सगळा धक्का रिकामा. दुर्बिणीतून बघताना शाळेतल्या बाकावर दोघंच उरल्यासारखं वाटलं. बाकी पोरं सुटून घरी गेलेली.

चौथं कडवं खूप आठवून पाहिलं. ऐकलंच नव्हतं ते कसं आठवणार, हे जेवताना लक्षात आलं.

८ नोव्हेंबर

ठरलं. उद्या जाऊन पाणी सोडणार. सीझन संपवणार नाही, फक्त पाणी सोडणार. दोन्हींत फरक आहे. हत्यारांची पिशवी दाराशी ठेवली.

९ नोव्हेंबर

शनिवार. आठवड्याच्या वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवायचा होता. पिशवी दाराशीच.

१० नोव्हेंबर

नोव्हेंबरचा दुसरा रविवार, पितृदिन. या दिवशी वडिलांच्या होडीला हात लावणं बरं दिसत नाही.

लेकीचा, औतीचा, फोन आला. शुभेच्छा झाल्या, नातवाने चित्र काढलंय ते सांगून झालं, मग लगेच, "बाबा, होडी काढली ना?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हणजे?"

"मनाने काढली आहे."

"बाबा, विकायचं म्हटलं की तुम्ही रागावता. निदान उन्हाळ्यात तिच्यात बसता तरी का?"

लाइन खराब होती. माझ्या बाजूने.

१२ नोव्हेंबर, सकाळ

थर्मामीटर दक्षिणेच्या खिडकीतसुद्धा उणे नऊ.

तळं गोठलं.

खिडकी उघडली तर तो आवाज: नवा बर्फ ताणला जातो तेव्हा तळ्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उमटणारा, लांबलचक, तार छेडल्यासारखा. लहानपणी त्या आवाजाने मी घराबाहेर धावायचो. आज बसून राहिलो.

१२ नोव्हेंबर, दुपार

धक्क्यावर जाऊन आलो. लाइने कंबरेपर्यंत बर्फात. वारा सुटला की बर्फ फळ्या कापतो, कागद कापावा तशा. शेजारी रेयोची हिरवीही तशीच. म्हणजे बरोबरी झाली. याचा आनंद व्हायला हवा होता.

होडीत उतरायचं धाडस झालं नाही. बर्फ अजून बोटभर जाडीचा. आणि उतरून करायचं काय? इंजिन रात्रीच तडकलं असणार. एवढ्या थंडीत त्याच्या पोटातलं पाणी काय कविता म्हणत बसलं असेल? वडिलांच्या हातून एवढी वर्षं टिकलं. माझ्या हातून दुर्बिणीने गेलं.

ही वही कुणी वाचत नाही, तर एकदा लिहून टाकतो. बेटावरून आलो त्या दिवसानंतर दोनदा एकटाच गेलो होतो धक्क्यावर, लाइने सुरू करायला. चाक फिरलं नाही. खांदा पार वर जात नाही आता. मग वाटलं, होडी बाहेर काढली तर वसंतात परत पाण्यात घालायला काही कारण उरणार नाही. औती गिऱ्हाईक बघेल. पाण्यात आहे तोवर ती होडी आहे. काठावर नेली की नुसतं लाकूड. म्हणून थर्मामीटर हलवला. म्हणून घड्याळ, गोधडी, पितृदिन आणि काय काय.

त्यूने मोज्यांची नवी जोडी टेबलावर ठेवून गेली. बोलली असती तर बरं झालं असतं.

१३ नोव्हेंबर, सकाळ, घाईत

दारावर थाप. त्यूने म्हणाली, "राइली असेल, ओरडायला आली असेल." मी तिला पुढे धाडलं.

राइली नव्हती. रेयो. काइसू गेल्यापासून पहिल्यांदा आमच्या दारात. एका हातात कुऱ्हाड, खांद्यावर बर्फ कापायची लांब करवत, कमरेला तोच पट्टा. मी क्षणभर मागे सरकलो, खोटं कशाला लिहू.

त्याने हातमोजा काढला, खिशात हात घातला आणि दाराजवळच्या टेबलावर काहीतरी ठेवलं. पितळी बूच. लाइनेच्या इंजिनाचं.

"सोडलं होतं पाणी. तुझंही आणि माझंही. ऑक्टोबरातच."

मी म्हणालो, "हं."

"हं नको म्हणू आता. दोन महिने हं म्हणतोय आपण." मग एका दमात, तो वर्षभरात बोलला नसेल इतकं: "माझी कंबर गेलीय, आर्मास. एकट्याने होडी ओढवत नाही. क्रेनच्या दिवशी सगळ्यांसमोर सांगवेना. म्हटलं, तू काढशील तेव्हा तुझ्याबरोबर माझीही काढू. तू काढेचनास. मग वाटलं, याचाही खांदा गेलाय, हा माझी वाट बघतोय. तुझं चाक नीट फिरत नाही ते मला उन्हाळ्यापासून दिसतंय."

"मग बोलला का नाहीस?"

"तू तरी कुठे बोललास?"

त्यूने म्हणाली, "देवा रे," आणि कॉफी ठेवायला गेली.

करवतीने बर्फात खाच पाडत होड्या काठाच्या उतारापर्यंत आणायच्या, मग दोघांनी मिळून ओढायच्या, असा त्याचा बेत. आणि वसंतात? मी विचारलं. तोंडाने विचारलं. तो म्हणाला, चाक तो फिरवेल, वाकावं लागणार नाही ती कामं त्याची, बाकीची माझी.

मला कविता सुचली. म्हटलं, बघ, तिसऱ्या कडव्यासारखे राहिलो की नाही आपण शेवटपर्यंत पाण्यावर?

रेयोने खांद्यावरची करवत उतरवून चौकटीला टेकवली.

"त्या दिवशी तुला गालगुंड झालं होतं, नाही का?"

"हो."

"चौथ्या कडव्यात तो होडी काठावर ओढतो आणि घरी जाऊन सूप पितो."

आत ये म्हटलं तर येत नाही, म्हणतो उजेड जाईल. दारातच उभा आहे, सगळी थंडी घरात घेत. त्यूने तिथेच त्याच्या हातात कप देऊन आलीय. मोजे सापडले. बूट शोधतोय.