घरची

तीर्थरूप काका, म्हणजे मालक,

तुमच्या लाँड्रीत आम्ही पाच जण राबतो. पाच कामगार झाले की आजारपणात भरपगारी रजा द्यावी लागते. परवा तपासायला सरकारी साहेब आले, तेव्हा मी तापाने फणफणत इस्त्री करत होते. कौतुकाने माझ्या कपाळावर हात ठेवून तुम्ही म्हणालात, "कामगार चारच. ही पुतणी, घरची!" हात भाजला असेल, पण हसू ढळलं नाही.

साहेब गेल्यावर मी दोन दिवस मागितले, तर म्हणे, "घरच्यांत कसली आलीय रजा?"

आजाऱ्यालाही पगार आणि त्याच्या बदली माणसालाही, हे छोट्या दुकानाला जड जातं, कबूल. मग हेच साहेबांसमोर सांगताना तुमची वाचा का बसली?

उद्यापासून मी येणार नाही. हे पत्रही पाठवत नाही. घरच्यांत कसली आलीय नोटीस?

आपली,
पाचवी कामगार