तड्यावरची काच

मंगळवार, दिवेलागण

काच फुटली. आज खाणीत ब्लास्टिंग झाली आन् फुटली.

गेल्या मंगळवारी घर घेणाऱ्यांचा इंजिनिअर येऊन गेला. आतल्या खोलीतल्या तड्यावर त्यानं सिमेंटनं काचेची पट्टी चिकटवली. म्हणे, "भाऊ, काच साबूत राहिली तं तडा जुना, सौदा पक्का. फुटली तं भिंत अजून सरकून राह्यली." उद्या सकाळी तो पाहाले येते.

शांताचा दमा या धुळीत जीव घेऊन राह्यला. डॉक्टर म्हणते, बायकोले इथून हलवा. घर विकल्याबिगर कुठी नेऊ तिले?

म्हणून खिडकीच्या काचेतून तशीच पट्टी कापली. जुनी काढली, नवी लावून टाकली. कोणाले कळते? काच तं काच.

शांता दारातून पाहत होती. म्हणाली, "घर घेणारी ती पोरगी पाळणा इथीच बांधणार म्हणे नं?"

"मंग तुले इथीच मराचं हाय काय?" मी खेकसलो.

तिनं आपलं अंथरूण आणलं, त्याच भिंतीखाली टाकलं आन् खोकत पडून राह्यली.

सिमेंट ओलंच होतं. नवी काच मी हातानंच ओढून काढली.

आता कुठी नेऊ तिले?