न उघडलेला रिपोर्ट

शिरोडा, मंगळवार, संध्याकाळ

आज आईबरोबर बांद्याला एका डॉक्टरकडे जाऊन आले, तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. माझा भाऊ दिगू एकोणीस वर्षांचा. स्नायू झिजण्याचा आजार त्याला जन्मापासूनच, बाराव्या वर्षी चालणं थांबलं. डॉक्टर म्हणाले, "मूळ पेशींची, म्हणजे स्टेम सेलची, सहा इंजेक्शनं घ्या, पोरगा उभा राहील." मी जीन तपासणीचा रिपोर्ट पुढे केला. त्यांनी तो उघडलासुद्धा नाही.

का नाही उघडला? मुंबईच्या डॉक्टरीणबाईंनी त्यावर बोट ठेवून समजावलं होतं. स्नायू सांभाळणारं प्रथिन बनवायची सूचना दिगूच्या जनुकात मध्येच तुटली आहे. ती कुठे तुटली त्यावर औषध ठरतं, आणि त्याच्या प्रकारावर अजून औषध नाही. मग बांद्याच्या या माणसाला रिपोर्ट न वाचताच दिगू उभा राहील हे कसं कळलं?

घरी आईला म्हटलं, "तेंनी रिपोर्ट उघडूक सुदा नाय गो."

आई भडकली. "तुका भाव बरो झालेलो नको काय?"

हा दोष आपल्याकडून मुलात आला हे कळल्यापासून ती 'बरं करतो' म्हणणाऱ्या कुणावरही विश्वास ठेवते. तिला दिगूला बरं करायचंय, की स्वतःला सोडवायचंय? छे, असं लिहू नये.

दिगू ऐकत होता. म्हणाला, "आये, ह्यात तुझी चूक नाय. तुझ्या मनाक बरा वाटाक म्हणान माका सुयो टोचू नको."

आई बराच वेळ त्याचे पाय चेपत बसली. मग म्हणाली, "उद्या फोन करून नाय म्हणान सांग."

उद्यापर्यंत तिचं मन फिरेल. मी फोन लगेच लावला.