बाबांच्या पोटरीचे टाके

१४ मे, दुपार

लाडके चिमणे,

तुला आणि तुझ्या लेकीला आशीर्वाद, घरच्या मोठ्यांना नमस्कार. आम्ही दोघं इथे मजेत आहोत असं लिहिणार होते, पण घामाने कागद हाताला चिकटतोय. तेव्हा खोटं कशाला लिहू? भाजून निघतोय.

फोनवर तू रोज विचारतेस, "ताई, एवढ्याशा जखमेला अजून किती दिवस?" मी "बघू" म्हणून विषय बदलते. शिलाईच्या दुकानामागच्या या दोन खोल्यांत बोललेलं काहीच लपत नाही. बाबांना डोळ्यांनी कमी दिसतं, कानांनी नाही. म्हणून हे पत्र.

पोटरीवरची गाठ काढली तेव्हा टाके निघाले की मी सासरी परत जायचं ठरलं होतं. टाके बाबांनी स्वतःच काढले हे तुला सांगितलं, पण कसे ते सांगितलं नव्हतं. मी औषधं आणायला गेले होते. आले तर स्वारी मशीनपाशी बसलेली, पाय स्टुलावर, हातात दोरे कापायची छोटी कात्री. एकेक टाका उसवून काढलेला, आणि जखमेने आ वासलेला. दवाखान्यात डॉक्टरांना म्हणतात, "शिवण धरली की कच्चा टाका काढायचाच असतो, साहेब." डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टर तोंड फिरवून हसल्या. मलाही हसू आलं. म्हटलं, पन्नास वर्षं मशीन चालवलेला माणूस, दुसरं काय करणार!

आता पुन्हा टाके घालता येत नाहीत. जखम तळापासून भरत वर यायला हवी. थंडीत हे सोपं असतं म्हणे. या उकाड्यात पट्टी बांधून हात पुसेपर्यंत ती घामाने ओली होते, आणि ओली पट्टी ठेवली की भोवतीची कातडी पांढरी पडून फुगते. मग परत सोडा, परत साबणाने हात धुवा, सलाईनने जखम धुवा, कडा टिपून कोरड्या करा, गॉजची नवी जाळी ठेवा, बांधा. चिकटपट्टी तर घामाने सुटूनच येते. पावडर लावायची नाही, हळद लावायची नाही, उघडी ठेवून पंख्याखाली बसायचं नाही. आणि पंखा तरी कुठे असतो? दुपारी वीज जाते आणि मी पुठ्ठ्याने वारा घालत माशा हाकलत बसते.

त्यात बाबांची टीका चालूच. "पट्टी अशी गुंडाळतात होय? वळणावर चुणी पडली बघ. उरेब धर, तिरकी. तुला इतकी वर्षं काय शिकवलं मी?" पाणी गरम आहे, उशी गरम आहे, माझा हात जड आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तोंडाचा पट्टा थांबत नाही.

चिमणे, मी फार थकले गं. पाठ धरली आहे, हातांची साबणाने सालं निघाली आहेत, डोळा लागतो तो बसल्या बसल्या. तरी एक गोष्ट तुला सांगते, कुणाला सांगितलेली नाही. बाबा दिवसभर माझ्या चुका काढतात. पण ते माझ्याशी बोलत असतात.

तिकडे सासरी माझ्याशी कुणी बोलत नाही. मारहाण नाही, उपाशी ठेवणं नाही, बाहेरून बघशील तर दृष्ट लागावी असा संसार. तुझ्या घरापासून चार गल्ल्यांवर राहूनही तुला कळलं नाही, कारण तू आलीस की हे हसून चहा मागायचे. तू गेलीस की परत अबोला. काय चुकलं तेही सांगायचं नाही. पाणी हवं असेल तर रिकामा पेला पुढे सरकवायचा. मागच्या खेपेचा अबोला पावसाळ्यात सुरू झाला, तो थंडी संपली तरी तसाच. मी न्हाणीघरात जाऊन स्वतःशीच बोलायला लागले होते.

परवा सिस्टर म्हणाल्या, "छान लाल मांस आलंय, आता लवकर भरेल." मी घरी येताना खुशीत होते. बाबा गप्प. मला वाटलं, उन्हाने.

काल दुपारी मला भिंतीला टेकून झोप लागली. कशाने तरी जाग आली. बघते तर बाबांनी पट्टी सोडलेली आणि तीच कात्री जखमेच्या कडेला लावलेली. मी हिसकावून घेतली. इतकी ओरडले की शेजारीण डोकावली. "कच्चा टाका कुठे आहे आता? वेड लागलंय का तुम्हाला?"

ते खाली बघत म्हणाले, "ही भरली की तू जाशील."

मी कात्री मशीनच्या खणात टाकली.

"तुझा कुडता गेल्या वर्षात तीनदा आत घेऊन बारीक केला मी," म्हणाले. "मापं घेणाऱ्याला कळतं गं. विचारायची हिंमत झाली नाही. बाप आहे, जाऊ नको म्हणायचं कसं? लोक म्हणतील पोरीचा संसार मोडला. म्हटलं, पाय दुखला तर दुखला, तेवढे दिवस तरी राहशील."

चिमणे, त्यांचा पाय मांडीवर घेऊन मी रडले. मग हात धुवून आले, कारण जखम उघडी होती. जाळी ठेवली, पट्टी बांधली, आणि सांगितलं, "बाबा, मी जाणार नाही. पाय बरा झाला तरी नाही. आता कात्रीला हात लावलात तर मात्र बघा."  ते पुठ्ठा घेऊन मलाच वारा घालायला लागले.

आज सकाळी सिस्टरांनी पाहिलं. थोडं रक्त आलंय, बाकी ठीक. म्हणजे भरेल.

यांना मी अजून काही कळवलेलं नाही. फोन हातात घेते आणि परत ठेवते. एकदोन दिवसांत ते तुझ्याकडे येतील, हसून चहा मागतील आणि माझी चौकशी करतील. चहा दे. पण बाबांच्या पायाचं कारण पुढे करू नकोस. पाय बरा होतोय. ताई परत येणार नाही, एवढंच सांग. पुढचं माझं मी त्यांच्याशी बोलेन.

भीती वाटते. तरी सांग.

बाबांजवळ राहिलेली,
तुझी ताई