खांद्यावरचा चौकोन

६ एप्रिल, रवि.

आज पुन्हा फुल बाह्यांचा शर्ट, बटणं मनगटापर्यंत लावलेली. वर्ध्याच्या बसस्टँडवर या उन्हात माझ्यासारखा दुसरा कुणी नव्हता. सावंगीला दवाखान्याच्या कँटीनमध्ये शीतलला भेटलो. साखरपुड्यानंतर पहिल्यांदाच दोघंच. ती तिथे स्टाफ नर्स. ड्यूटी संपवून आली, खुर्चीत बसली आणि पहिला प्रश्न, "तुमाले गरम नाई होत का?"

"सवय आहे," म्हणालो. सवय कसली, घामाने निथळत होतो.

लग्न १८ मेला, हिंगणघाटला, तिच्या गावी. तिला सांगायचं होतं की माझ्या अंगावर केस आहेत. छातीवर सगळ्यांनाच असतात. माझ्या पाठीवर, खांद्यांवर, दंडांवर, सगळीकडे आहेत. चहा संपला तरी विषय काढला नाही. आर्वीच्या स्थळाचा नकार आला तेव्हा मध्यस्थ आईला म्हणाला होता, मुलगी म्हणते मुलगा फार केसाळ आहे. त्या दिवशी मी हाफ शर्ट घालून गेलो होतो.

शीतल आवडली आहे. म्हणूनच भीती वाटते. तिच्याकडून हे ऐकायचं नाही.

११ एप्रिल, शुक्र.

सातवीची उजळणी. सस्तन प्राण्यांची लक्षणं. "अंगावर केस असतात" असं फळ्यावर लिहिताना बाही वर सरकली. मागच्या बाकावर खसखस. मीही हसलो, काय करणार. आपल्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांइतकं ठळक उदाहरण देवळीत दुसरं मिळणार नाही.

१५ एप्रिल, मंगळ.

यवतमाळहून ताईचा फोन. हळदीची सगळी आखणी तिने करून टाकली आहे. अंगणात पाटावर बसायचं, कमरेला धोतर, वर काही नाही. "आणि मंग्या, बनियन घालून बसशीन तर मीच फाडीन. बायका काय बनियनले हळद लावतीन का?"

म्हणजे सगळ्या आळीसमोर. नदीवरसुद्धा मी कधी बनियन काढली नाही. ताईला हे माहीत आहे, म्हणूनच म्हणाली असेल.

उपाय शोधायला हवा.

१९ एप्रिल, शनि.

केस काढायचं क्रीम. देवळीत घेतलं असतं तर संध्याकाळपर्यंत स्टाफरूममध्ये पोचलं असतं, म्हणून वर्ध्याला गेलो. दुकानदाराने बायकांचं दिलं, मी तेच घेतलं. वास असा की आईने बाहेरून विचारलं, न्हाणीत काही मेलं का.

डबीवर लिहिलंय तेवढ्या वेळात माझे केस हलेचनात. म्हणून आणखी ठेवलं. मग आणखी. आता छातीवर तळहाताएवढा लालभडक पट्टा. केस अर्धे तसेच. पंख्याखाली उघडा बसलोय आणि दाराला कडी आहे.

२३ एप्रिल, बुध.

गजूच्या सलूनमध्ये. शेवटचं गिऱ्हाईक जाईपर्यंत पेपर वाचत बसलो. गजू माझ्याबरोबर चौथीपर्यंत होता, पण आता सर म्हणतो. पट्टा दाखवला. त्याने जीभ चावली.

"सर, पहिले माह्याकडे काऊन नाई आले? ब्लेड पाठीवर मारसान तर तिसऱ्या दिवशी काटे येते. वॅक्स करसान तर रडसान. मशीन फिरवून बारीक करून देतो, बॉडीबिल्डिंगवाल्या पोरांचं करतोच ना."

"अगदी साफ नाही होणार?"

"साफ नाई. पण माणसासारखे दिसान."

त्याच्या मनात काही नव्हतं. तरी घरी येईपर्यंत ते वाक्य डोक्यात होतं.

२६ एप्रिल, शनि.

वर्धा, चामडीच्या डॉक्टर. बाई आहेत, हे आत गेल्यावर कळलं. लेझर होऊ शकतं, पण बऱ्याच सिटिंग, प्रत्येक वेळी मध्ये काही आठवडे. लग्नाआधी शक्य नाही. पट्ट्यासाठी मलम दिलं. मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुम्हाला स्वतःला या केसांचा त्रास होतो का?"

उन्हाळ्यात होतो, म्हणालो. त्यांनी तेवढंच विचारलं नव्हतं, हे मलाही कळलं.

४ मे, रवि.

वॅक्स. वर्ध्यातलंच एक एसी सलून, पुरुषांचंही करतात. पालथा झोपलो. त्या माणसाने उजव्या खांद्यावर गरम काहीतरी पसरलं, वर कापड दाबलं, "सर, श्वास सोडा" म्हणाला आणि ओढलं.

मी उठलो, शर्ट घातला आणि पैसे देऊन बाहेर पडलो. तो मागून म्हणत होता, एकच पट्टी झाली, दुसऱ्या बाजूचं तरी करू. उसाचा रस प्यायलो तेव्हा डोळ्यांतलं पाणी थांबलं.

आता खांद्यावर एक गुळगुळीत चौकोन आहे. भरल्या वावरात एवढाच तुकडा कापून शेतकरी घरी गेल्यासारखा.

१० मे, शनि.

शीतलचा फोन. पत्रिका, पाहुणे, साड्या. बोलता बोलता तोंडातून गेलं की छातीवर पुरळ आहे.

"कशानं?"

"घामोळ्या असतील."

"फोटो पाठवा."

"कशाला?"

"मी नर्स हाओ ना. पाहून सांगतो."

पाठवतो म्हणालो. पाठवला नाही. तिनेही पुन्हा विचारलं नाही. ती विसरणाऱ्यांतली वाटत नाही.

१७ मे, शनि. हळद.

गजू पहाटेच मशीन घेऊन आला. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. छाती, पाठ, दंड, सगळं बारीक. पायाशी काळा ढीग. हलकं वाटलं, खोटं कशाला लिहू. खाली आलो तर पाहुण्यांनी पाणी संपवलेलं आणि नळाचा पत्ता नाही. ताई म्हणाली, "आता आंघोळ हळद झाल्यावरच. बस पाटावर." टॉवेलने अंग पुसलं आणि बसलो. उकाड्यात सगळे तुकडे घामाला चिकटलेले, हे तेव्हा लक्षात आलं नाही.

बायकांनी हळद लावली. कुणी काही म्हटलं नाही. एवढे दिवस ज्याला घाबरलो ते एवढंच. फक्त काकूचा हात पाठीवर थांबला. बाबांना जाऊन सात वर्षं झाली, काकू अजून त्यांना भाऊजीच म्हणते.

"भाऊजीची पाठ अशीच होती," ती म्हणाली. "कापले काऊन रे?"

मला बाबांची पाठ आठवलीच नाही. ती केसाळ होती हेही आठवलं नाही. वाईट वाटलं.

मग रीतीप्रमाणे काकूने माझ्या खांद्यापाठीवरची हळद हाताने निपटून वाटीत घेतली. उष्टी हळद. नवरदेवाच्या अंगची काढून नवरीला लावायची. ताईचे यजमान, आमचे जावई, ती वाटी आणि हिरवी साडी घेऊन हिंगणघाटला गेले. मी आंघोळीला उठलो आणि पाटाकडे पाहिलं. पिवळ्या हळदीत काळे बारीक तुकडे, तीळ पेरल्यासारखे.

म्हणजे वाटीतही तेच.

जावयांना फोन लावला, गाडी चालवताना ते उचलत नाहीत. न्हाणीत उभ्यानेच शीतलला लिहिलं: "वाटीतली हळद लावू नकोस. त्यात माझे केस आहेत. आज सकाळी कापले. माझ्या अंगावर फार केस आहेत, पाठीवर पण. आधी सांगायला पाहिजे होतं."

पाठवलं. तिने वाचलं. अंगावरची हळद वाळून तडकायला लागली तरी मी तसाच उभा.

दुपारी जावई परत आले. मी काही विचारायच्या आत म्हणाले, "काय बे, काय पाठवलं तुमी वाटीत? तिची मावशी म्हणे हे अशुभ आहे, फेकून द्या. मोठाच गोंधळ."

"मग?"

"मग काय. शीतल म्हणे, मावशी, वॉर्डात रोज पाहतो मी केस, लाव तू. लावली ना मग."

जेवण गेलं नाही. आनंदाने की कशाने, सांगता येत नाही.

संध्याकाळी तिचा मेसेज. "पुरळ क्रीमनं आलं ना? तेव्हाच वाटलं मले. फोटो पाठवा."

या वेळी पाठवला. छातीचा, आणि ताईकडून काढून घेतलेला पाठीचा. ताईने काही न विचारता काढला.

उत्तर: "आता कापल्यावर काय समजते? वाढू द्या. मग सांगतो."

१ जून, रवि.

लग्न होऊन दोन आठवडे. शीतलच्या ड्यूट्या सुरू झाल्या. रोज सावंगीला सोडायला जातो, हाफ शर्ट घालून. पाठीवर काटे आलेत, गजू ब्लेडचे म्हणाला होता तसेच, आणि खाज. पाठीला मलम तीच लावते. वॉर्डातल्यासारखं एका बाजूने सुरू करून दुसऱ्या बाजूला संपवते.

काल खांद्यावर येऊन थांबली.

"हे काय हाय? एवढंच साफ कसं?"

वॅक्सचं सांगितलं. एसी, गरम, "श्वास सोडा", उसाचा रस. ती मलमाची डबी ठेवून पलंगावर बसली आणि हसत सुटली. आईने बाहेरून विचारलं काय झालं. तिला बोलता येईना.

हसणं थांबल्यावर मीच म्हणालो, "वाढल्यावर सांगीन म्हणाली होतीस."

तिने त्या चौकोनावर बोट ठेवलं. "अजून पूरे कुठी वाढले? हा भरू द्या. मग सांगतो."

"आणि नाही आवडले तर?"

"तर तेबी सांगीन."

डबीचं झाकण लावून ती स्वयंपाकघरात गेली.

आज सकाळी आरशाकडे पाठ करून, मान वळवून पाहिलं. चौकोनाच्या कडेला एक केस उगवला आहे.