म्हशीची हाडं आणि यमुताईची अट

नागपूर, दि. १९ मे २०२५

चि. पायलला आबाजीचा जयभीम आणि डोक्यावरून हात.

खर्र, खर्र, खर्र. मुरमाच्या वाटेवरून मेलेला बैल ओढत नेताना व्हायचा तो हा आवाज, सात वर्षांचा होईतो ऐकलेला. पुढे खांद्यावर दोर घेतलेला माझा बाप, मागे वाकलेली माय. मालक दुरून ओरडायचा, लवकर उचला, वास येतो. ज्या साली नागपूरला दीक्षा घेतली त्या साली बापानं तो दोर अंगणात जाळला. गावानं विहीर बंद केली, आम्ही कामठीला आलो. मी मास्तर झालो, बाक वाजवून पोरांना कविता शिकवल्या. तरी वाऱ्यानं वाळकी फांदी अंगणात घसरली की अजून दचकतो.

काल तुझ्या आईकडून कळलं, चेन्नईच्या त्या उन्हाळी संशोधनात तू म्हशीची हाडं खरवडून राहिलीस. निसर्गातल्या वस्तूंपासून औषधोपयोगी काही घडवताय म्हणालीस, तेव्हा मला वाटलं होतं, रेशीम असेल, नाहीतर कोळ्याचं जाळं. त्यावर दोन ओळी जुळवतही होतो. पोरी, परत ये. माझ्या थोरल्या बहिणीनं, तुझ्या यमुआजीनं, कळमेश्वरहून निरोप धाडलाय, पोरीच्या हातात हाडं आहेत तोवर दाद्या, तुझ्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नाही. ती बोलली की बोलली.

फोनवर मला अर्धं ऐकू येत नाही आणि उरलेलं मी मनाचं भरतो, म्हणून पत्रानंच उत्तर दे. लोभ आहेच, सध्या रागावलाय इतकंच.

आबाजी

चेन्नई, दि. २६ मे

ती. आबाजींना सविनय जयभीम. वि. वि.

मी येणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचाल.

हाडं मीच मागितली. आम्हा चौघांना विषय निवडायचे होते. रेशीम होतं, शिंपले होते. मी हाड म्हणाले. खाटकाकडून येतं, आम्ही ते खरवडतो, उकळतो, चरबी काढतो, मग भट्टीत तापवतो. शेवटी उरतं ते पांढरंशुभ्र. आजीच्या अनारशाला सुटते तशी जाळी. माणसाच्या मोडक्या हाडाच्या फटीत ती बसवली तर नवं हाड तिला धरून वाढतं. कुठे चांगलं वाढतं, कुठे अडतं, ते आम्ही शोधतोय. खरवडण्याच्या पाळ्यांचा तक्ता भिंतीवर लावलाय. आज मी, उद्या पुण्याची दीप्ती, नाक दाबून.

तुमच्या बाबांना कुणी विचारलं नव्हतं. मला विचारलं. पंधरा ऑगस्टला तुम्हीच आम्हाला तुमची कविता म्हणायला लावायचात ना,

वाट पुसते, नाव काय?
आधी टाकीन पुढे पाय!

मग आता पाय मागे घे कसं म्हणता? यमुआजीला सांगा, हात साबणानं धुते.

लोभ असू द्या, राग पोस्टात हरवू द्या.

पायल

नागपूर, दि. २ जून

चि. पायल, जयभीम.

तुझं पत्र घेऊन कळमेश्वरला गेलो. यमुताई ओसरीवर तांदूळ निवडत होती. वाचून दाखवलं. माझीच कविता माझ्यावर फेकलीस तिथे तिला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. अनारशाचं काही पटलं नाही म्हणे. मग सूप बाजूला ठेवून एकच विचारलं, तिनं मांगितलं, का तिले सांगतलं? मी म्हणालो, मागितलं. तर म्हणे, आज मांगते, उद्या सांगणारा भेटते. तवा पाहू. अट कायम.

मी मात्र माझं ते परत ये मागे घेतो. सबंध नाही, अर्धं. उरलेल्या अर्ध्या लोभासह,

आबाजी

चेन्नई, दि. ११ जून

ती. आबाजींना सविनय जयभीम.

यमुआजी म्हणाली तसा सांगणारा भेटला. आमची लॅब सांभाळणारा पीएचडीचा विद्यार्थी, कृष्णकांत. परवा जेवताना त्यानं माझं आडनाव विचारलं, मग गाव, मग पणजोबा काय करायचे ते. मी अभिमानानं दोराची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी भिंतीवरचा तक्ता गायब. खरवडणं रोज माझं, मायक्रोस्कोप बाकीच्यांचा. का म्हणून विचारलं तर हसून म्हणाला, तुझा हात छान बसलाय, रक्तातच असेल तुमच्या. दीप्ती मायक्रोस्कोपकडे वळली.

मी सुरी त्याच्या टेबलावर ठेवली, वर हातमोजे. म्हटलं, तक्ता लागेपर्यंत हाडाला हात लावणार नाही. तो म्हणाला, मग सामान बांध आणि प्रमाणपत्र विसर. लॅबच्या प्रमुख मॅडम परदेशात आहेत, महिनाअखेरीस येतील. त्यांना मेल केलीय, उत्तर नाही.

सामान बांधलं नाही. रोज सकाळी जाते, त्याच्यासमोरच्या स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसते. भीती वाटते, आबाजी. पण उठत नाही. तुमच्याकडे राहिलेलं ते अर्धं परत ये निदान आत्ता पाठवू नका.

तुमची,
पायल

नागपूर, दि. १७ जून

चि. पायल, कडक जयभीम!

उठू नको वं माय. अजिबात उठू नको. ते उरलेलं अर्धंही मी आज चुलीत घातलं. इतकी वर्षं मला वाटायचं, बापानं हाडामांसाची घाण जाळली. त्यानं त्या मालकाचा हुकूम जाळला होता, हे नातीनं स्टुलावर बसून शिकवलं. प्रमाणपत्र नाही दिलं तर मी देईन, माझ्या अक्षरात, वर कवितेसकट. तू बस.

काल शेजारच्या गोपिकाच्या फोनवरून यमुताईला तुझं पत्र वाचून दाखवलं. रक्ताच्या त्या वाक्यापर्यंत आलो आणि तिकडून फोन बंद. मनात म्हटलं, संपलं. आता ही आयुष्यभर म्हणणार, मी सांगतलं होतं.

इथवर लिहिलं आणि दाराची कडी वाजली. तुझी आजी उघडायला गेली ती तिथंच थबकली. दारात यमुताई. पांढरं लुगडं, काठी, कापडी पिशवी. कळमेश्वरच्या बसनं एकटी आलेली. मी भीत भीत म्हणालो, ताई, तुझी अट? तर म्हणे, अट कुठं मोडली गा दाद्या? पोरीनं हाडं खाली ठेवली ना? आणि टाकला पाय उंबऱ्याच्या आत.

बसायला तयार नाही. पाणी उभ्यानंच प्यायली. चेन्नईची गाडी कवा हाये, विचारून राहिली. म्हणते, त्या पोट्ट्यासमोर मलेबी बसाचं हाये, दुसरं स्टूल असन ना तिथं? तक्ता भिंतीवर लागला का मंग मीच पोरीच्या हातात हाडं देतो, तिच्या मर्जीनं. पिशवीत काय आहे म्हणून पाहिलं, तर एक लुगडं आणि तुझ्यासाठी साबणाची वडी.

लोभ या वेळी पाकिटात मावत नाही. काठी टेकत तो तुझ्याकडे निघाला आहे.

आबाजी